कार्तिकी द्वादशीची धास्ती

"विडी ठेवायची असेल तर पाय जाईल. पाय ठेवायचा असेल तर विडी जाईल," डॉक्टर म्हणाले. ते तरुण होते, घाईत होते आणि बाहेरच्या बाकावर बरेच रुग्ण बसले होते.

ही ठाण्याच्या सरकारी रुग्णालयातली गोष्ट, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. संक्रांत नुकतीच झाली होती. वडिलांच्या डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं पडलं होतं आणि त्यावरची जखम भरत नव्हती. मधुमेह नव्हता. डॉक्टरांनी पायाच्या नाड्या बोटांनी चाचपल्या, एका ठिकाणी बराच वेळ बोट ठेवलं आणि मग किती वर्षं ओढता, असं विचारलं. वडिलांनी मिसरूड फुटायच्या आधीपासून, असं उत्तर दिलं. रत्नागिरीकडच्या गावात लहानपणी म्हशींमागे जाताना लागलेली सवय होती ती. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागल्यावर ती वाढली. वय पन्नाशीच्या आतच होतं.

"हळूहळू सोडतो," वडील म्हणाले.

"हळूहळू सोडलीत तर पायही हळूहळू जाईल. दिवसाला एक ओढली तरी ती पायाला कळते, काका."

आम्ही कोपरीत राहत होतो, स्टेशनच्या पूर्वेला, एका चाळीत, पहिल्या मजल्यावर. मी ठाण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होते. कार्यालय पश्चिमेला, तलावाजवळ. घरात आम्ही तिघंच. डॉक्टरांचं वाक्य आईला मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तिने ते ऐकलं, गॅस बंद केला आणि पुन्हा सांगायला लावलं. त्या दिवसापासून तिची तपासणी सुरू झाली. धुण्याआधी ती प्रत्येक शर्ट नाकाशी धरायची. वडील संडासातून आले की ती काहीतरी निमित्त काढून त्यांच्या जवळून जायची. विडी होती की नव्हती हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळायचं. तिने सांगण्याची गरज नसायची.

कोपरीत त्या वर्षी एक व्यसनमुक्ती मंडळ निघालं होतं. त्याचे चालक एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. शाळेत भूगोल शिकवलेला, आवाज मोठा, खादीचा झब्बा. त्यांचं म्हणणं असं, की माणूस एरवी व्यसन सोडत नाही. त्याला दिवस लागतो. सणाचा दिवस, सगळे जमलेले आहेत, चार लोक बघताहेत, असा दिवस मिळाला की माणसाच्या हातून गोष्ट होऊन जाते. म्हणून मंडळाचे सगळे कार्यक्रम पंचांग बघून ठरत. माझ्याकडे ते प्रेसनोट घेऊन यायचे आणि आतल्या पानावर दोन परिच्छेद मिळाले तरी खूश असायचे.

पहिला कार्यक्रम होळीचा झाला. चौकातल्या होळीशेजारी एक लहान होळी रचली आणि लोकांनी आपापल्या विड्या, सिगारेटी, तंबाखूच्या पुड्या तीत टाकायच्या, असं ठरलं. वडिलांनी बंडल टाकलं. टाकताना त्यांनी हात जोडले. सरांनी टाळ्या वाजवल्या. मग तंबाखूने पेट घेतला आणि धूर खाली वाकून सगळ्या चौकात पसरला. विडी सोडलेली माणसं तिथून हलायला तयार नव्हती.

"सर, काय मस्त सोय केलीत," शेजारचे एक रिक्षावाले म्हणाले. "सगळ्या गल्लीला एकदम फुकटात ओढायला दिलीत."

लोक हसले. सरही हसले. आई हसली नाही. धुळवड संपून दोनतीन दिवस झाले तेव्हा शर्टाला वास आला.

दुसरा कार्यक्रम एकतीस मेचा. जागतिक तंबाखूविरोधी दिन तेव्हा नवाच होता, पण त्या वर्षी आमच्या कार्यालयातही त्याचं पत्रक आलं होतं. सरांनी प्रभातफेरी ठरवली. फलक रंगवले, घोषणा लिहिल्या. ठरवताना एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही, आणि तेही आयुष्यभर शाळेत काढलेल्या माणसाच्या. एकतीस मेला शाळांना सुट्टी असते. कोपरीतली मुलं गावाला गेलेली. फेरीला मंडळाचे चार सदस्य, एक दवाखान्यातली परिचारिका आणि सुट्टीत मामाकडे आलेल्या काही मुली एवढेच जमले. त्यांच्या घोषणा ऐकायला रस्त्यावर फारसं कोणी नव्हतं.

"हे दिवस ठरवणारे लोक परदेशात बसतात," सर मला म्हणाले. "त्यांना मे महिना काय ते माहीत नाही. आपण आपल्या दिवसांवरच राहिलेलं बरं."

फेरीच्या शेवटी एक पत्र्याचा डबा ठेवला होता. वडिलांनी त्यातही बंडल टाकलं. संध्याकाळी टपरीवरून दुसरं आणलं. चोरून आणलं नाही. गॅलरीत बसून सगळ्यांसमोर पेटवली.

"अहो, सकाळी टाकलीत ना?" आई म्हणाली.

"सकाळची टाकली. ही संध्याकाळची आहे."

जूनमध्ये ते बोट काढावं लागलं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही, घोट्याच्या वरून विचार करावा लागेल, असं ते म्हणाले. पुढची वेळ केव्हा येईल, असं मी विचारलं. ते त्यांच्यावर आहे, असं उत्तर मिळालं. हे वाक्य मी आईला सांगितलं. वडिलांनाही सांगितलं. त्यांनी पायाच्या ड्रेसिंगकडे बघितलं. त्या आठवड्यात त्यांनी नेहमीपेक्षा जास्त ओढल्या. भीतीने माणूस विडी सोडतो ही समजूत तेव्हा आमच्या घरात मोडली. भीती वाटली की त्यांचा हात आधी खिशाकडे जायचा.

आषाढी एकादशी जवळ आली तेव्हा सर घरी आले. वडील पाय उंच ठेवून बसले होते.

"यंदा चातुर्मासात काय सोडताय?" सरांनी आईला विचारलं.

"कांदा-लसूण. दरवर्षीचंच."

"आणि तुम्ही?" त्यांनी वडिलांकडे वळून विचारलं.

वडिलांनी कधी काही सोडलं नव्हतं. आईच्या माहेरी चातुर्मासाचे नेम कडक. त्या चार महिन्यांसाठी एक गोष्ट देवासमोर सोडायची, मग ती जिभेला लागू द्यायची नाही. कोणी वांगं सोडतं, कोणी मीठ, कोणी पानावर जेवतं. वडिलांच्या घरीही त्यांची आई हे करायची. नेम मोडलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

"बिडी सोडली तर चालते का देवाला?" त्यांनी विचारलं. त्यात थोडी चेष्टा होती.

"देवाला न चालायला काय झालं? मला तर फारच चालेल," सर म्हणाले.

एकादशीला पावसात ते देवळात गेले. पुजाऱ्यांनी त्यांच्या हातावर पाणी सोडलं. पुजारी साठीचे, सडपातळ, सतत तपकीर ओढणारे. त्यांनी विचारलं, काय सोडलं? वडील म्हणाले, विडी. कुठपर्यंत? कार्तिकीपर्यंत. हे शब्द तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकले. सरांनी ऐकले, आईने ऐकले, मीही ऐकले. मी त्याची बातमी केली. चातुर्मासात व्यसनमुक्तीचा संकल्प, असा मथळा होता.

आणि ती बंद झाली. होळीत जाळून, डब्यात टाकून, बोट कापून जे झालं नव्हतं ते पाणी सोडून झालं. पहिले काही दिवस ते चिडचिडे होते. ताटावरून उठायचे, परत बसायचे. बडीशेप चघळायचे. टपरीवाल्याने एकदा हाक मारली तेव्हा म्हणाले, "आता नेम आहे माझा, बोलवू नको." श्रावण गेला, गणपती गेले. शर्टाला साबणाचा वास यायला लागला. नवरात्रात जखम कोरडी पडली. डॉक्टरांनी पाय बघितला आणि पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकले.

"काय केलंत?"

"नेम धरलाय," वडील म्हणाले.

"धरलात ना? आता सोडू नका."

वडील पायात चप्पल सरकवायला लागले. त्यांनी हो म्हटलं नाही, हे मी आणि आई दोघींच्या लक्षात आलं. घरी येताना स्टेशनबाहेर, आता सॅटिसचा पूल आहे तिथल्या तेव्हाच्या मोकळ्या जागेतून, रिक्षांच्या रांगेतून चालताना आई हळूच म्हणाली, "कार्तिकीला किती वेळ आहे गं?"

तोपर्यंत कोणी त्या टोकाकडे पाहिलंच नव्हतं. चातुर्मासाचा नेम सुटतो. सुटण्यासाठीच असतो. कार्तिकी द्वादशीला जी वस्तू सोडली तिचं दान द्यायचं. वांगं सोडलं असेल तर वांगी द्यायची, मीठ सोडलं असेल तर मीठ. दान झालं की माणूस मोकळा, त्याने ती वस्तू घरी येऊन आनंदाने खायची. आई हे दरवर्षी करत आली होती. कांदे-लसूण देऊन यायची आणि दुपारी कांद्याची भजी तळायची.

दिवाळी झाली तशी वडिलांची वृत्ती बदलली. ते मजेत असायचे. तुळशीच्या लग्नाची तयारी स्वतः करायला लागले. एक दिवस कामावरून येताना त्यांनी विडीचं बंडल आणलं आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलं.

"हे काय आणलंत?" आईने विचारलं.

"दानाचं आहे. आतापासून आणून ठेवलं, आयत्या वेळी धावपळ नको."

आई सरांकडे गेली. मी बरोबर होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मला हे सुचलंच नाही हो, वहिनी. मी फक्त सुरुवातीचा दिवस बघितला."

ते संध्याकाळी घरी आले आणि त्यांनी वडिलांना आजन्म शपथ घ्यायला सांगितलं. मंडळाचा छापील मजकूर होता, त्यात आजन्म हा शब्द होता.

"सर, आजन्म मला नाही जमणार," वडील म्हणाले. "खोटं कशाला बोलू? आजन्म म्हटलं की उद्याच ओढीन मी. कार्तिकीपर्यंत म्हटलं म्हणून झालं."

"मग कार्तिकीनंतर पाय नको का?"

"पाय पाहिजे. पण तुम्ही तारीख नाही सांगत, नुसता पाय सांगता."

मग आई पुजाऱ्यांकडे गेली. दान घेऊ नका, एवढं सांगायचं होतं. दान घेतलं नाही तर नेम सुटणार नाही. पुजाऱ्यांनी ऐकून घेतलं, चिमूट नाकाला लावली, शिंकले.

"वहिनी, सोडलेल्या वस्तूचं दान येणार, ते मी घ्यायचं, हे माझं काम. वांगं घेतो तर बिडीला नको कसं म्हणू? उद्या मीठवालाही म्हणेल, याचं नाही घेतलं, माझं का घेतलं."

"त्यांचा पाय जाईल हो."

"ते खरं. पण देवाच्या दारात मी डॉक्टरकी नाही करू शकत."

द्वादशीला वडील आंघोळ करून, धोतर नेसून देवळात गेले. ताटलीत बंडल, वर फूल. पुजाऱ्यांनी रीतसर दान घेतलं. घरी येताना वडील टपरीवर थांबले. गॅलरीत बसून त्यांनी पेटवली, पहिला झुरका घेतला आणि खोकले. आईने त्या दिवशी भजी केली नाहीत.

मार्गशीर्ष लागायच्या आत पाय दुखायला लागला. दुसऱ्या एका बोटाचा रंग बदलला. वडिलांनी ते दोन दिवस मोज्याखाली लपवलं. आईने पाय धुताना पाहिलं. ती ओरडली नाही. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्यासमोर धरलं.

"मार्गशीर्षाचे गुरुवार येताहेत. महिनाभर सोडा. शेवटच्या गुरुवारपर्यंत."

"आणि मग?"

"मग संक्रांतीपर्यंत."

वडील कॅलेंडरकडे बघत राहिले. "मधे मोकळा दिवस?"

"नाही देणार."

त्यांनी होकार दिला. पुढे आमच्या घरात वर्ष असंच चाललं. मार्गशीर्षातून संक्रांत, संक्रांतीतून रथसप्तमी, मग महाशिवरात्र, होळी, पाडवा, अक्षय्य तृतीया, वटपौर्णिमा, आणि तिथून आषाढी. प्रत्येक नेम सुटायच्या आदल्या दिवशी आई पुढचा सांगायची. वडील ऐकायचे, मान डोलवायचे, आणि दान देऊन परत येताना नव्या नेमात असायचे. पुजारी म्हणायचे, "वहिनी, तुमच्या घरात मोकळा दिवस शोधायला भिंगच लागेल." सरांना हे पटत नव्हतं. व्यसनमुक्ती अशी हप्त्यांनी होत नाही, असं त्यांचं मत होतं. पण पाय दिसत होता. तो रंग परत पहिल्यासारखा झाला, दुसरं बोट वाचलं. सरांनी हरकत घेणं थांबवलं.

मी या नेमांच्या बातम्या केल्या नाहीत. संकल्पाची बातमी होते. तो टिकला तर होत नाही, मोडला तरी होत नाही.

बाहेरून बघणाऱ्याला हे घर सणावारांचं वाटायचं. आतून प्रत्येक सण जवळ आला की आईला झोप लागत नसे. लोक पाडव्याला श्रीखंड आणायचे तेव्हा ती वडिलांच्या खिशाकडे बघायची. सगळ्यांत वाईट कार्तिकी. तो नेम सगळ्यांत मोठा, त्याचं सुटणंही मोठं, आणि एकदा त्याच दिवशी ते घसरले होते.

काही वर्षांनी अशाच एका कार्तिकीच्या सुमारास आजीला बरं नाही म्हणून आई गावी गेली. एकादशीच्या आत परत येणार होती. आजीचं दुखणं लांबलं. शेजाऱ्यांच्या फोनवर तिचा निरोप आला की अजून निघता येत नाही. लाइन खराब होती, फोन लगेच तुटला. पुढची तारीख तिने सांगितली नाही, आणि मलाही त्या क्षणी विचारायचं सुचलं नाही.

द्वादशीला मी सकाळच्या पाळीला होते. टेबलावर चातुर्मास समाप्तीचं एक छोटं टिपण संपादनाला आलं. ते वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की घरी वडील एकटे आहेत आणि आज दुपारनंतर ते कशातच बांधलेले नाहीत. मुख्य उपसंपादकांना सांगून मी निघाले. पूल ओलांडून पूर्वेला उतरले. टपरी आधी लागते.

"बाबा आलेले?"

"सकाळीच आलेले ना. बंडल घेऊन गेले," टपरीवाला म्हणाला. "आणि काडेपेटी."

दानाला काडेपेटी लागत नाही. मी घरी गेले. दाराला कुलूप होतं. देवळात गेले. पुजारी गाभाऱ्याच्या पायरीवर बसले होते.

"आले नाहीत अजून. सगळ्यांची दानं झाली, यांचंच राहिलंय. मला बारा वाजता देऊळ बंद करायचंय. काय गं, काही झालं का?"

काही झालं का, ते मला माहीत नव्हतं. मी कोळीवाड्याच्या बाजूने खाडीकडे गेले. सुट्टी असली की वडील तिथे बसायचे. ओहोटी होती, होड्या चिखलात टेकल्या होत्या. मासळीच्या रिकाम्या टोपल्या उपड्या ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे बांधावर धोतर दिसलं.

त्यांनी चपला काढल्या होत्या. बंडल मांडीवर होतं, काडेपेटी बाजूला. मी बंडलाकडे बघितलं. कागद फाटला होता.

"किती ओढल्या?"

"तू कामावरून कशाला आलीस?"

"बाबा, किती?"

त्यांनी बंडल माझ्याकडे दिलं. कागद एका बाजूने फाडलेला होता, विड्या भरगच्च बांधलेल्या. एकही सुटी नव्हती. तरी मी वास घेतला, हाताचाही आणि शर्टाचाही. त्यांनी घेऊ दिला.

"फाडलं," ते म्हणाले. "काडेपेटी हातात धरली. मग म्हटलं, अजून दान नाही दिलं. दान दिल्याशिवाय ओढायची नाही. म्हणून देवळात जायला निघालो."

"मग गेला का नाहीत?"

"तिथे गेलो की मोकळा झालो असतो. तुझी आई पुढचं सांगून गेली नाही. मोकळा होऊन घरी येऊन करू काय मी? घरात कोणी नाही." ते खाडीकडे बघत राहिले. "फोन आला तेव्हा काही बोलली का ती? पुढचं कधीपर्यंत?"

"नाही. फोन तुटला."

"मग तू सांग."

माझ्याकडे कॅलेंडर नव्हतं. मार्गशीर्ष केव्हा लागतो ते मला नेमकं आठवत नव्हतं, आणि चुकीची तारीख सांगितली तर मध्ये भोक पडेल या भीतीने मी मनातल्या मनात तिथी मोजत राहिले. ते थांबले होते. एका कोळणीने टोपली उचलता उचलता आमच्याकडे पाहिलं आणि वडिलांना ओळखून विचारलं, "काय ओ, लेक रागावलीय व्हय?"

"नाय, हिशोब चाललाय," वडील म्हणाले.

"दान देऊ नका," मी शेवटी म्हटलं. "आई येईपर्यंत कार्तिकीचाच नेम चालू ठेवा. सुटलाच नाही तर मोडणार कसा?"

त्यांनी विचार केला. हे नियमात बसतं का ते मनातल्या मनात तपासत होते. त्या वेळात मी त्यांच्या डाव्या पायाकडे बघत होते. चार बोटं, चारही गुलाबी.

"चालेल," ते म्हणाले. "पण पुजारी थांबलेत. त्यांना सांगून ये. मी नाही येत तिकडे. गेलो तर देईन."

मी फाटलेलं बंडल आणि काडेपेटी पर्समध्ये टाकली आणि देवळाकडे निघाले. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा ते चपला घालत होते. कुठल्या दिशेला निघतात ते बघायला मी थांबले. ते घराच्या बाजूला वळले. तरीही देवळात पोचून पुजाऱ्यांना निरोप देईपर्यंत मी दोनदा रस्त्याकडे पाहिलं, टपरीसमोर कोणी उभं आहे का म्हणून. निरोप ऐकून पुजाऱ्यांनी तपकिरीची डबी बंद केली, दाराला अडसर लावला आणि म्हणाले, "बरं झालं. यंदा मलाही घ्यायचं जिवावरच आलं होतं."